टेंडरात न मावलेले शेजारी

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतला माणूस 500 चौरस फुटांच्या घराचा मालक झाला! यावर कोणी शंका काढली की सुज्ञ मंडळी डोळे वटारतात : ‘फुकटात घर मिळाले, आणखी काय हवे?’

याच प्रश्नाशी माझे भांडण आहे. फुकट कसले? चाळींच्या जागेवर विक्रीचे मनोरेही उठायचे आहेत. त्यांतूनच खर्च निघायचा आहे. घराची किंमत जमिनीने चुकवली. दानशूरपणाची शाल कोणी पांघरू नये.

मोठे घर हवेच होते. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि सामाईक संडास, यांचे गोडवे गाणारे बहुधा स्वतः ब्लॉकात राहतात. परंतु त्या मजल्याची एक व्यवस्था होती. आई कामावर गेली की पोर शेजारणीकडे जेवे. म्हातारीचे दार सकाळी उघडले नाही, तर दहा माणसे धावत. दिवाळीत फराळाचे ताट साऱ्या दारांतून फिरून येई. टेंडरात चौरस फूट मोजले, सिमेंट मोजले, लिफ्ट मोजल्या. आणि कोणाच्या शेजारी कोण, हे मात्र सोडतीवर सोपवले!

दुसरी गोष्ट देखभालीची. चाळीस मजल्यांचा मनोरा लिफ्ट आणि पंप यांवाचून एक दिवस चालत नाही. देखभालीची मुदत संपून कंत्राटदार निघून गेल्यावर, एका पगारावर चालणाऱ्या घराने महिन्याची वर्गणी कोठून भरावी? ती झेपली नाही, तर घर विकून विरार गाठायचे. मग पुनर्वसन झाले कोणाचे? इमारतीचे!

म्हणून सरकारी घरांचे काम देताना तीन अटी कागदावर याव्यात. जुने शेजारी शक्यतो एकाच मजल्यावर राहावेत. पुढल्या तीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब बोलीतच मांडावा आणि त्याची तरतूद विक्रीच्या पैशांतून करावी. आणि रहिवाशांच्या प्रतिनिधींची सही झाल्याखेरीज कंत्राटदाराचे शेवटचे बिल चुकते होऊ नये.

सर्वांत कमी बोली स्वस्त असतेच असे नाही. तिच्यात न धरलेला खर्च पुढे रहिवाशाच्याच माथी येतो. बी. डी. डी. चाळींतल्या हजारो कुटुंबांची पाळी अजून यायची आहे; कागद दुरुस्त करायला अजून उशीर झालेला नाही.