टाकी कोणाला केवढी?

बेळगावच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, समुद्रात बुडी घेताना पाठीवर बांधावयाची हवेची टाकी केवढी असावी. त्यांनी व त्यांच्या यजमानांनी स्कूबाचे रीतसर शिक्षण घेतले असून सुटीत ती दोघे गोव्यात ग्रँड आयलंडपाशी आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जातात. दोघांना टाक्या सारख्याच मिळतात, पण यजमानांची हवा लवकर सरते आणि जोडीदाराने एकट्याने खाली राहावयाचे नाही हा नियम असल्याने बाईंनाही वर यावे लागते. तेव्हा यजमानांसाठी मोठी टाकी विकत घ्यावी काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. वर्तमानपत्रे काही छापोत, त्या टाकीत निव्वळ प्राणवायू नसतो. आपण घेतो ती साधी हवाच दाबून भरलेली असते. शुद्ध प्राणवायू सहा मीटरांच्या खाली श्वासावाटे घेतला, तर झटके येऊन प्राणावर बेतू शकते.

सर्वत्र आढळते ती ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची. ११ लिटर म्हणजे तिच्यात मावेल तेवढे पाणी. तिच्यात हवा २०० बार दाबाने भरली, की मोकळ्या हवेच्या मापाने ती २,२०० लिटर होते. त्यांतील ५० बार हात न लावता राखून ठेवावयाची. घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशासारखी. उरली सुमारे १,६५० लिटर.

आता ती पुरते किती? कूस्तो आणि गान्यां ह्या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केलेल्या रेग्युलेटरची खुबी अशी की, भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाने तो हवा देतो. त्यामुळे छातीला त्रास होत नाही, पण खर्च वाढतो. १० मीटरवर दुप्पट हवा लागते, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. पृष्ठभागावर थोराड, नवशिक्या पुरुषाला मिनिटाला २५ लिटर हवा लागते असे धरू. लहान चणीच्या, संथ श्वास घेणाऱ्या स्त्रीला १५ लिटर. १८ मीटरवर हेच आकडे ७० आणि ४२ होतात. म्हणजे त्याच ११ लिटरच्या टाकीत यजमानांची २४ मिनिटे, तर बाईंची ३९ मिनिटे. ह्यात दोष कोणाचाच नाही.

यजमानांना १५ लिटरची टाकी दिली, तर त्यांची २४ मिनिटांची ३२ मिनिटे होतील. बाईंना ९ लिटरची दिली, तर त्यांचीही ३२. हिशेब कसा जुळला! तरीही बाईंनी लहान टाकी घेऊ नये असेच आम्ही म्हणू. त्यांच्या पाठीवरची जादा हवा ही दोघांची शिल्लक आहे. यजमानांच्या टाकीत काही बिघाड झालाच, तर बाईंच्या दुसऱ्या नळीतून श्वास घेत दोघांना वर यावयाचे आहे. अकरा लिटरची टाकी भरल्यावर १७ किलोंच्या आसपास जाते, हे ओझे नावेवर जाणवते खरे. पाण्यात मात्र जाणवत नाही.

मोठ्या टाकीचा एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. ३० मीटरवर साधारणतः २० मिनिटांहून अधिक राहिले, तर अंगात मुरलेला नत्रवायू सरळ वर येऊ देत नाही. टप्प्याटप्प्याने थांबत यावे लागते, नाहीतर त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत अडकतात. यजमानांची ११ लिटरची टाकी त्या खोलीवर १६ मिनिटांतच संपत आल्याने त्यांना आपोआप वर धाडते. १५ लिटरची २२ मिनिटे पुरेल, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. तेथे हवेच्या काट्याइतकेच घड्याळाकडेही लक्ष हवे.

टाकी बदलली की कमरेची शिशाची वजनेही बदलावी लागतात. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की सुमारे दोन किलोंनी वर ओढू लागते. त्यासाठी तेवढे शिसे आधीच बांधलेले असते. पोलादी टाकी बहुधा शेवटपर्यंत जडच राहते. जुनेच शिसे ठेवले, तर माणूस उगाच खाली ओढला जातो, हातपाय मारतो आणि हवा आणखी उडवतो. यजमानांचा खर्च आजच अशा जादा शिशाने वाढत नाही ना, हे प्रशिक्षकाकडून आधी तपासून घ्यावे. कदाचित मोठी टाकी लागणारही नाही.

विकत घेण्याच्या आम्ही विरुद्ध आहो. वर्षातून दोन सुट्यांसाठी ती घरात सांभाळावयाची, वेळोवेळी तपासून घ्यावयाची, आणि बेळगावात भरणार कोठे? जाण्यापूर्वी केंद्राला फोन करून १५ लिटरची टाकी भाड्याने मिळते का ते विचारावे. मिळाली, तर खांद्यावर कोरलेली तपासणीची तारीख पाहावी, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी काटाही. तो २०० ऐवजी १८० दाखवीत असेल, तर १८ मीटरवरची ती ३२ मिनिटे २८ च धरावीत.