फ्रिजच्या उजेडात चीज

लियोंला पोचल्यावर नवव्या दिवशी जीन्सचं बटण लागेना. आधी ड्रायरला शिव्या घातल्या. मग आठवलं, इथे आपण कपडे दोरीवर वाळत घालतोय!

आता तुम्हीच सांगा, काय करणार? घराखालीच ब्रेडवाल्याची बेकरी. सकाळी सातलाच लोण्याचा वास जिना चढून वर यायचा. मैत्रीण तिथे पीएचडी करते, तिच्या घरमालकीणबाईंकडे एक खोली रिकामी होती आणि शेंगेन व्हिसाचे ९० दिवस मला पुरेपूर वसूल करायचे होते. म्हणून रोज तीन क्रोसाँ. वर ‘परत कधी येणार यार इथे’ हे लॉजिक.

दहाव्या दिवसापासून कडक डाएट! ब्लॅक कॉफी आणि सॅलड. नेमकं त्याच संध्याकाळी मादामनी ग्रातां दोफिनुआ केलं. बटाट्याच्या पातळ चकत्या, लसूण, जायफळ आणि इतकं क्रीम की आमच्या आजीने दुधाचा हिशेब मागितला असता. मी ‘नो, डाएट’ म्हणत सॅलडचा बाऊल पुढे ओढला. मादाम काही बोलल्या नाहीत. माझी प्लेट तेवढी मुकाट्याने उचलून ठेवली.

रात्री एक वाजता मी फ्रिज उघडून उभी. सां-मार्सलां नावाचं एक छोटं, पिकलं की वाहणारं चीज असतं, ते बोटाने खात होते. तेवढ्यात मादाम पाणी प्यायला आल्या.

लाज वाटलीच, पण त्या उजेडात मला बाबा दिसले. बाबांना आठ वर्षं शुगर आहे. टेबलावर ते कारल्याची भाजी आणि अर्धी भाकरी अगदी संतासारखे खातात. रात्री मात्र आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, अंधारात, पेढ्यांच्या डब्याचं झाकण वाजतं. आई झोपल्याचं सोंग घेते. आणि निघायच्या आधी माझाही शुगरचा रिपोर्ट बॉर्डरलाइन आला होता. घरी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मादामनी मैत्रिणीला ट्रान्सलेट करायला बसवलं. “चीज खा की. पण घरात खुर्च्या आहेत ना?”

त्यानंतर रोज बसून जेवले. दोन चमचे ग्रातां, भरपूर हिरवी पानं, मग गोडाच्या आधी चीजचा एक तुकडा. जेवण तासभर चालायचं, कारण गप्पा. आणि मधल्या वेळी चरणं बंद. तिथे मोठी माणसं फारसं चरतच नाहीत. चारच्या सुमाराचा ‘गुते’ मुख्यतः शाळेतून आलेल्या पोरांसाठी. मी एकदा दुपारी तीनला जेवायला गेले तर किचन बंद! आपल्या ऑफिसवाल्यांसाठी खास माहिती : फ्रेंच कामगार कायद्यात कामाच्या जागी जेवायला मनाई आहे. कोविडमुळे २०२१ मध्ये तो नियम तात्पुरता सैल केला, तर ती बातमी झाली. आपण मात्र कीबोर्डवर चिवड्याचे शेव पेरतो.

प्लेटचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांच्या टीमने पॅरिस आणि फिलाडेल्फियामधल्या एकसारख्या हॉटेलांतले पदार्थ चक्क वजन करून पाहिले होते. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले : पॅरिसला सरासरी २७७ ग्रॅम, फिलाडेल्फियाला ३४६. म्हणजे फ्रेंच माणसाला फार मोठी विलपॉवर लागतच नाही, ताटात येतंच कमी. रेड वाइनमुळे हार्ट ठणठणीत राहतं, ही थिअरी मात्र मी पटवून घेतलेली नाही. आणि आंदुइएत, म्हणजे आतड्यांचं सॉसेज, त्याला लांबूनच नमस्कार.

माझा फेव्हरिट पदार्थ ‘सर्व्हेल द कानु’. शब्दशः अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’! घाबरू नका, व्हेज आहे. ताजं मऊ चीज, लसूण, कांद्याच्या पातीसारखी हिरवी पात. आपल्या चक्क्याचा खारट चुलत भाऊच. हे विणकर राहायचे त्या क्रुआ-रूसच्या टेकडीच्या पायऱ्या चढून गेलं की दोन चमचे जास्त घ्यायला मादामची परवानगी होती.

परत आले तेव्हा वजन दीड किलो वाढलेलं. रिपोर्ट पुन्हा बॉर्डरलाइन. यावेळी घरी सांगून टाकलं. आई रडली, बाबा पेपरात डोकं घालून बसले.

त्या रात्री झाकण वाजलं. मी जाऊन लाइट लावला, दोन बश्या काढल्या, एका पेढ्याचे दोन तुकडे केले आणि बाबांसाठी खुर्ची ओढली. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

“फ्रान्समध्ये एवढाच देतात?”