भयज अतिसार आणि आजचे शाळकरी मूल

परीक्षांचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक मागणी हमखास वाढते. ‘मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, बुद्धीसाठी काहीतरी द्या.’ आपणही ब्राह्मी-शंखपुष्पीचे सिरप अथवा सारस्वतारिष्ट काढून देतो. औषध चुकीचे नसते, देणाऱ्याचा हेतूही शुद्ध असतो. परंतु ज्याच्यासाठी ते न्यायचे ते मूल पुष्कळदा समोर नसतेच. मग त्याच्या मनात काय चालले आहे, हे विचारणार कोणाला?

काही काळापूर्वी इयत्ता नववीतील एक मुलगी पोटदुखी व वारंवार शौचास जावे लागणे या तक्रारींसाठी आमच्याकडे येत होती. आम्ही ग्रहणीचा विचार करून कुटजघनवटी, बिल्वादि चूर्ण, तक्र आणि पथ्य अशी योजना केली. मध्येच बरे वाटे, पुन्हा त्रास सुरू होई. सहा आठवडे असेच गेले. अखेर शेजारच्या औषधी दुकानदारांनी आमच्या लक्षात आणून दिले, ‘‘डॉक्टरसाहेब, हिची आई दर सोमवारी सकाळीच गोळ्या न्यायला येते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र एकदाही फिरकली नाही.’’

आईच्या संमतीने आणि परिचारिकेच्या उपस्थितीत आम्ही त्या मुलीशी पंधरा मिनिटे बोललो. वर्गात तिला उभे करून इंग्रजी वाचायला लावीत, ती अडखळली की हशा पिके. त्यावरून पडलेले टोपणनाव कोणीतरी तिच्या वहीवर लिहून ठेवले होते. घरी सांगितले तर शाळाच बंद करतील, ही तिची भीती. पुढे समुपदेशिकेकडे काही भेटी झाल्या, पालक वर्गशिक्षिकेशी बोलले आणि औषधाची मात्रा हळूहळू कमी करता आली. मात्र ही पंधरा मिनिटे काढण्यास आम्हाला सहा आठवडे लागले, याची खंत आजही वाटते.

ही खंत अधिक बोचते, कारण उत्तर आपल्याच ग्रंथात होते. चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज हे दोन मानस प्रकार स्वतंत्रपणे सांगितले आणि त्यांच्या चिकित्सेत वातशामक उपायांबरोबर रुग्णास हर्ष व आश्वासन देण्यास स्थान दिले. सूत्रस्थानात त्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा मानली. शारीरस्थानात, रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असेही बजावले. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे उत्तरपत्रिकेत लिहिले. व्यवसायात आल्यावर त्यातील औषधयोजना तेवढी हाती उरली.

प्रश्न लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुले, असा याचा अर्थ. यांतील बहुतेक मुले मानसोपचारतज्ज्ञांचे दार प्रथम ठोठावीत नाहीत. डोकेदुखी, अरुची, अनिद्रा, अंथरुणात मूत्रप्रवृत्ती अशी शारीरिक तक्रार घेऊन ती परिचयाच्या वैद्याकडे येतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत तर आयुष वैद्यकीय अधिकारीच शाळाशाळांतून बालकांची तपासणी करतात. अर्थात, पहिले दार आपले आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वेळेचा. गर्दीच्या चिकित्सालयात प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटे देणे अशक्य आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तीच तक्रार तिसऱ्यांदा घेऊन येणाऱ्या मुलाला ती देणे शक्य आहे, आणि निष्फळ ठरणाऱ्या भेटींपेक्षा त्यात वेळही कमीच जातो. दुसरा आक्षेप असा, की घरात वडीलधारी माणसे असताना समुपदेशक कशाला? घराचा आधार श्रेष्ठच. तथापि मुलाच्या भीतीचे कारण कधी कधी घरातच असते, आणि घरचे माणूस दुखावेल म्हणूनही मूल गप्प राहते.

त्याच वेळी स्वतःची मर्यादाही ओळखली पाहिजे. सत्त्वावजय हा शब्द पाठ असणे म्हणजे समुपदेशनाचे प्रशिक्षण नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, खेळ-मित्र सुटणे, स्वतःला इजा करणे अथवा जगणे नकोसे झाल्याची भाषा दिसली, तर मुलास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजतो, हा गैरसमज आहे; विचारल्याने वाट मोकळी होते. मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नयेत. मुलाचे बोलणे गुप्त ठेवावे. मात्र लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि ही मर्यादा मुलास आधीच सौम्य शब्दांत सांगावी.

औषधी दुकानदार बंधूंकडेही आमची विनंती आहे. बालकासाठी तेच औषध वारंवार नेले जात असेल तर ‘मुलाला एकदा वैद्यांना दाखवा’ एवढे वाक्य आपण जरूर उच्चारावे. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागणाऱ्या किशोरास रिकाम्या हाताने परत पाठवून विषय संपवू नये, दोन शब्द आस्थेने विचारावेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लावावेत.

संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञांची सूची तयार करून प्रत्येक सभासदाकडे द्यावी आणि वार्षिक चर्चासत्रातील एक सत्र या विषयास राखून ठेवावे, असे आम्ही सुचवितो. पुढचे मूल पोट धरून आपल्या दारी येईल, तेव्हा नाडीवर बोटे ठेवण्यासोबत आपण त्याला एवढे तरी विचारू या, ‘‘बाळ, शाळेत सगळे ठीक आहे ना?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबू या.