उन्हाची वीज, वाऱ्याची वीज आणि आमची मुले

पदवीचे निकाल लागले की आमच्या कार्यालयात पक्षकारांपेक्षा पालकांचीच गर्दी जास्त होते. "साहेब, पोराला आता कशाला घालू?" हा सगळ्यांचा एकच प्रश्न असतो आणि आमची उत्तरेही ठरलेली असतात. वकिली कर, एमपीएससीला बस, बी.एड. कर, नाही तर बँकेची परीक्षा दे. यंदा मात्र एका माऊलीने आम्हाला निरुत्तर केले. तिची मुलगी शासकीय महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकी शिकलेली. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला अक्षय ऊर्जेच्या, म्हणजे आपण ज्याला अपारंपरिक ऊर्जा म्हणतो त्या विषयाच्या, आंतरराष्ट्रीय मास्टर्स पदवीला प्रवेश दिला होता. पत्र आमच्या टेबलावर ठेवून ती आई म्हणाली, "वकीलसाहेब, उन्हाची वीज शिकायला सातासमुद्रापार कशाला जायचं? ऊन तर आपल्याकडंच जास्त हाय."

प्रश्न साधा आहे, पण साऱ्या समाजाने विचार करावा असा आहे.

आधी आमच्या स्वतःबद्दलचे एक कबूल केले पाहिजे. आम्ही वकील आहोत आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. बाबासाहेब बॅरिस्टर होते म्हणून आमच्या पिढीने काळा कोट अंगावर चढवला. पण 29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, ते आमच्यातल्या किती जणांनी वाचले आहे? कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट सांगितले आहे. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी दरसाल दोन लाख आणि इंग्लंड, युरोप, अमेरिकेतल्या विद्यापीठांत तेच शिकण्यासाठी दरसाल एक लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. एक बॅरिस्टर आपल्या समाजाला सांगतो आहे की, नुसते बॅरिस्टर होऊ नका! ऐंशी वर्षे उलटून गेली. आम्ही त्यांचा कोट घेतला आणि त्यांचा सल्ला कपाटात ठेवला.

दुसरी गोष्ट विजेची. बाबासाहेब म्हटले की संविधान, महाड, नाशिक, दीक्षाभूमी आठवते. ते आठवलेच पाहिजे. परंतु 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ 1944 मध्ये उभे राहिले. 1943 मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असा विचार त्यांनी मांडला. वीज हा बाबासाहेबांना दारिद्र्यमुक्तीचा प्रश्न वाटत होता. मग त्यांच्या लेकरांना हा विषय परका का वाटावा?

आज या विजेचे स्वरूप बदलते आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगरजीवाश्म वीजक्षमता उभारण्याचे जाहीर केले. 2025 च्या सुरुवातीला देशाची सौरक्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली आणि त्याच वर्षाच्या मध्यावर एकूण स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाला. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे, आजही बहुतांश वीज कोळशातूनच येते, हे खरे. तरीही लाखो कोटींचा पैसा, जमीन आणि नोकऱ्या कोणत्या दिशेने चालल्या आहेत, हे समजायला एवढे पुरे.

आता जमिनीकडे या, कारण आमच्या समाजाचा गळा तिथेच अडकतो. सौरपट्ट्या आकाशात लागत नाहीत, त्यांना जमीन लागते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सरकारी सौरप्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. 2017 पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू चांगलाच आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे 50 हजार. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला काय? त्याच्या वाट्याला येते ते एवढेच, की तो पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेले गायरान ही 'सरकारी पडीक जमीन' ठरून प्रकल्पाच्या यादीत जाण्याची भीती!

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तरीही असंख्य कुटुंबांच्या हातात आजतागायत कागद नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपालसिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे हटवायला सांगताना भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाट ठेवली. अंमलबजावणीच्या वेळी पहिला भाग सर्वांना पाठ असतो, अपवाद मात्र कोणाला आठवत नाही.

हा लढा आम्ही कोर्टात लढतो. पण अनुभवाने सांगतो, कागदावर आम्ही भांडतो तेव्हा समोरच्या बाजूने अभियंत्याचा अहवाल येतो. किती मेगावॉटला किती एकर लागते, उपकेंद्रापासून अंतर किती, दुसरी जागा का चालणार नाही. तो अहवाल वाचून त्यातली चूक दाखवणारा आमच्याकडे कोणी नसतो. घोषणा देणारे शंभर असतात, आकडा तपासणारा एक नसतो. ऊन सर्वांचे आहे, वारा सर्वांचा आहे, असे म्हणायला छान वाटते. महाडचे तळेही सर्वांचेच होते. 1923 चा बोले ठराव होता, 1924 मध्ये नगरपालिकेने तळे खुलेही केले होते. पाण्यापर्यंत जायला मात्र 20 मार्च 1927 उजाडावे लागले. निसर्गाने दिलेले आणि कायद्याने मान्य केलेले आपल्या ओंजळीत आपोआप येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून त्या माऊलीला आमचे उत्तर असे आहे. ताई, ऊन आपल्याकडे जास्त आहे हे खरे, पण उन्हाचा हिशेब अजून आपल्या हातात नाही. तो हिशेब शिकायला पोरीला जाऊ द्या.

हे शिक्षण नेमके काय असते, तेही पालकांनी समजून घ्यावे. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात अक्षय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम 1987 पासून चालतो, म्हणजे आपल्याकडे हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीपासून. शिकवणे इंग्रजीत, वर्गात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली मुले. सौरघटाचे पदार्थविज्ञान, वाऱ्याचे मोजमाप, पवनचक्कीच्या पात्यांची रचना, जैविक वायू, वीज साठवण, ती जाळ्यात सोडण्याचे तंत्र आणि सगळ्याचे अर्थशास्त्र हे असे विषय. प्रयोगशाळा असते, एखाद्या कंपनीत वा संस्थेत प्रत्यक्ष काम असते आणि शेवटी प्रबंध. 2002 पासून युरोपातली काही विद्यापीठे मिळून एक संयुक्त पदवीही देतात. पहिले सत्र एका देशात, विशेष विषयाचे सत्र दुसऱ्या देशात आणि मग प्रकल्प. युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस ही शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क नाही, वर दरमहा 1400 युरो मिळतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिक्षणशुल्क नाही. दक्षिणेतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात.

मग अडते कुठे? त्या मुलीचेच पाहू. फी नव्हती. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम, आधीच बंद खात्यात दाखवावी लागते. बँकेत गेली. साडेसात लाखांच्या पुढच्या कर्जाला तारण मागितले. घर गायरानावर, सातबारा नाही, म्हणून तारण नाही. आजोबांना जमीन मिळाली नाही, त्याची शिक्षा नातीला! शासनाच्या शिष्यवृत्तीकडे वळावे, तर विद्यापीठ यादीत नाही. यंदाचा तिचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करणार आहे.

ही यादी काय प्रकार आहे? केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये हवे. राज्याने 2003 मध्ये सुरू केलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत तर अट त्याहून कडक, पहिल्या 200 ची. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाच्या नावलौकिकाची असते, एखाद्या अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेची नव्हे. परिणामी चार दशके हाच विषय शिकवणारे ओल्डेनबर्ग बाहेर राहते आणि या विषयाचा फारसा गंध नसलेले नामांकित विद्यापीठ आत येते. संविधानाच्या कलम 14 खाली वर्गवारी करताना निकष आणि उद्देश यांचा तर्कसंगत संबंध असावा लागतो, हे कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. इथे तो संबंध कुठे आहे? आणि कलम 46 ने राज्यावर टाकलेली दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी कोणत्या क्रमवारीत बसते?

जागा तरी किती? केंद्राच्या योजनेत साऱ्या देशासाठी 125, त्यांतल्या 115 अनुसूचित जातींसाठी. जुलै 2025 मध्ये 106 जणांची निवड झाली, पण पत्रे दिली फक्त 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास विचार करू, असे सांगण्यात आले. त्याआधी 2022 मध्ये याच योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले गेले. म्हणजे परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करायचा नाही. ठीक, मग तंत्रज्ञान शिकतो म्हटले तर पैसे नाहीत. आमच्या मुलांनी शिकायचे तरी काय?

1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतःची पुंजी, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा गेले. शंभर वर्षांनंतरही आमच्या मुलीला त्याच बंद दारापाशी उभे राहावे लागत असेल, तर शाहूंच्या नावाने योजना काढणाऱ्यांनी याचा जाब दिला पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विद्यापीठाच्या क्रमवारीऐवजी विषयनिहाय गुणवत्ता पाहा. निवड झालेल्या प्रत्येकाला प्रवेशाच्या मुदतीआधी निधीचे पत्र द्या. ज्यांच्या घराला कागद नाही त्यांच्या शैक्षणिक कर्जाला शासनाने हमी द्यावी. आणि गायरानावर सौरप्रकल्प उभारण्यापूर्वी तिथल्या कसणाऱ्यांचा दावा निकाली काढा. त्यांच्या सहकारी संस्थांना प्रकल्पात हिस्सा द्या.

पण सगळे सरकारवर सोडून चालणार नाही, बांधवांनो. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा जातो, त्यात एखाद्या मुलाचे इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क आणि जर्मनीसाठी लागणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे 18 हजार रुपये सहज भागतात. विहारात एका भिंतीवर तारखांचा फलक लावा. इरास्मस मुंडुसचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत भरतात. विकसनशील देशांतल्या पदवीधरांसाठी असलेल्या जर्मनीच्या डाड शिष्यवृत्तीला पदवीनंतर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तिची तयारी वर्षभर आधीपासून करावी लागते. आमच्या मुलांना बुद्धी कमी नाही, त्यांना तारीख उशिरा कळते. कर्मचारी संघटनांनी बंद खात्याच्या रकमेसाठी परतफेडीचा फिरता निधी उभारावा. शपथपत्रे, दाखले, करारनामे यांचे काम आम्ही वकील मंडळी विनामूल्य करू. निदान आम्ही तरी करणार आहोत.

आणि जाणाऱ्या मुलांना एकच सांगणे. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली वेदना बोलून दाखवली होती. तिकडेच स्थायिक झालात तर तुम्हाला दोष देणार नाही, पोटाचा प्रश्न आम्हालाही कळतो. पण एखाद्या वस्तीचे गायरान प्रकल्पात जाताना कोणी अहवाल पाठवला, तर तो वाचून दोन पाने उत्तर लिहून पाठवा. तेवढे ऋण फेडा.

पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा अर्ज करील तेव्हा तिच्या आईला आमच्या टेबलापाशी हात जोडून उभे राहावे लागू नये, एवढे तरी आपण मिळून करू या.

जयभीम!