बैलाच्या कलेजातला किडा आणि आपला सामूहिक दावा



या पावसाळ्यानंतर आमच्या गावात तीन बैल आणि सात बकऱ्या गेल्या. ढोर आधी वाळत गेलं, दूध आटलं, डोळ्याच्या आतली लाली गेली, मग जबड्याखाली पाण्याची पोटली लोंबली. ज्याच्या घरचा बैल गेला त्याचा नांगर बंद पडला. मग कुजबूज सुरू झाली की ही करणी आहे. बोट दाखवलं एका एकट्या बाईच्या घराकडे. तिच्या बांधीवर कोणाचा डोळा आहे हे गावाला माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आठव्या बकरीच्या वेळी आम्ही तिचं कलेजं ग्रामसभेसमोर चिरलं. पित्ताच्या नळ्या जाड, कडक झालेल्या. दाबल्या तर झाडाच्या पानासारखे चपटे किडे बाहेर आले. तेव्हा करणीची गोष्ट संपली. याला पर्णकृमी म्हणतात, आपण कलेजातला किडा म्हणू.

तो येतो कुठून? आजारी ढोराच्या शेणात त्याची हजारो अंडी असतात. शेण तलावात, बोडीत, नाल्यात गेलं की अंड्यातून सूक्ष्म जीव निघतो आणि पाण्यातल्या बारीक गोगलगाईत शिरतो. तिथे एकाचे शेकडो होतात. काही आठवड्यांनी बाहेर पडून ते पाण्याच्या काठच्या गवताला, धानाच्या बुडाला चिकटतात. ढोर ते गवत खातं आणि किडा कलेजात पोचतो. तिथे मोठा होऊन अंडी घालायला त्याला तीन-चार महिने लागतात. म्हणूनच पावसाळ्यात चरलेलं ढोर हिवाळ्यात पडतं, आणि आपल्याला कारण सापडत नाही.

माणसालाही हा किडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ७० हून जास्त देशांत किमान २४ लाख माणसांना तो आहे. आपल्याकडे माणसाच्या केसेस क्वचित निघतात, पण तपासलंच नाही तर निघतील कशा? बरगडीखाली उजवीकडे दुखणं, ताप, अंगाला खाज, कधी कावीळ, आणि सोबत तलावकाठची कच्ची भाजी खाल्ल्याची सवय असेल तर दवाखान्यात हे सगळं स्पष्ट सांगा. आजारी माणसाला किंवा ढोराला हात लावल्याने हा रोग लागत नाही. तो कच्च्या पाणभाजीतून आणि न उकळलेल्या पाण्यातून येतो.

आता मुद्द्यावर येतो. काही साथी म्हणतात, “आपलं काम जमिनीचं, ढोराचं औषध डॉक्टर पाहील.” मला हे पटत नाही. किडा वनखात्याने आणला असं मी म्हणत नाही. गोगलगाय आणि ओलं गवत आहे तिथे तो होताच. पण एका काठावर चारशे ढोरं कोणी कोंबली? पूर्वी गायकी ढोरं आज या रानात, उद्या त्या पहाडीवर न्यायचा. पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झालं. बाहेरच्या रानातही ठिकठिकाणी चराईबंदीचे खांब उभे राहिले. पहाडी बंद, म्हणून सगळी गावं एकाच बोडीच्या ओल्या काठावर. तिथेच चरणं, तिथेच पिणं, तिथेच शेण. याहून चांगली सोय किड्याला कोणी करून देणार नाही.

म्हणून औषध आणि हक्क दोन्ही पाहिजेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ख) निस्ताराचं आहे, (घ) चराईचं आणि पाण्यातल्या मासळीचं, (झ) सामूहिक वन राखण्याचं आणि सांभाळण्याचं. कलम ५ ने पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन वनजमिनीवर करता येते, ग्रामसभेची शिफारस लागते. २००९ साली मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाला. मग आपला दावा लिहिताना “चराई” एवढा एकच शब्द लिहून का थांबायचं? कोणत्या महिन्यात कोणती पहाडी, ढोरांची वाट कोणती, पाणी कुठलं, हे सगळं नकाशावर दाखवा.

हक्क मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. आमच्या ग्रामसभेने ठरवलं ते असं:

बोडीच्या काठाला काट्यांचं कुंपण. ढोरांना पाणी बाहेर हौदात.

शेण पाण्याकडे जाऊ द्यायचं नाही, खड्ड्यात कुजवायचं. खताच्या गरमीने अंडी मरतात.

धानाच्या बुडाचा ओला भाग ढोरापुढे टाकायचा नाही. तणीस कडक उन्हात चांगलं वाळवूनच द्यायचं.

पाणभाजी शिजवून, पाणी उकळून.

बदकं पाळायची, ती गोगलगाई खातात.

किडा निघालेलं कलेजं कुत्र्याला किंवा पाण्यात नाही, खोल पुरायचं.

आणि सरकारकडे मागणी एकच ठरावात लिहा: पावसाळ्याआधी आणि नंतर शेणाची तपासणी, आणि योग्य औषध. नेहमीची जंताची गोळी लहान किड्याला मारत नाही, म्हणून “डोस दिला” एवढ्यावर गप्प बसू नका. औषधाचं नाव विचारा. गाभण ढोर असेल तर आधी सांगा. ढोराचं औषध माणसाने कधीच घेऊ नये.

एक शेवटचं. ती बाई त्या दिवशी ग्रामसभेत आली होती, मागे बसली होती. कलेजं चिरल्यावर कोणी तिची माफी मागितली नाही. ती मागायची राहिली आहे. जे गाव आपल्याच बाईला बांधीवरून उठवू पाहतं, ते रानाचा हक्क कोणत्या तोंडाने मागणार? पुढच्या ग्रामसभेत दाव्याच्या आधी हा विषय घ्या.