हसरा चेहरा

धारगळमधील एका माउलीचे तैलचित्र काढून घ्यावे, अशी तिच्या आखातात नोकरीस असलेल्या मुलाची इच्छा. चित्रकार पाहण्याचे काम त्याने आम्हांवर सोपविले. मोबाइलवर आईचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो आला व त्याबरोबर सूचनाही आल्या: हातांत पाटल्या असाव्यात, वर्ण जरा उजळ असावा, चेहरा हसरा असावा. आम्ही हे वाचून दाखविले तेव्हा माउली ओसरीवर चिंच फोडीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "फादर, त्याचा बाप गेल्यापासून मी हसले कधी? चित्रात कुणाचे हसू आणून लावणार?"

वाचकहो, आम्हांस उत्तर सुचले नाही. आठवले ते आंतोनियो शाविएर त्रिंदाद. हे १८७० साली सांगे येथे जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले. व्यक्तिचित्रणातील कसबामुळे त्यांना पूर्वेचे रेम्ब्रां म्हटले गेले. त्यांनी १९२० साली पत्नी फ्लोरेंतिना हिचे चित्र काढले व त्याला 'दोल्चे फार निएन्ते' हे इटालियन नाव दिले. काही न करता निवांत बसण्यातील गोडी, असा त्याचा अर्थ. पत्नीला नटवून मिरविण्याऐवजी तिची विसाव्याची घटका त्यांनी टिपली. त्रिंदाद व त्यांची चित्रकार कन्या आंजेला यांच्या चित्रांचा संग्रह पणजीस फोंतेन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

सीमेपलीकडे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. समईच्या ज्योतीवर हात धरलेली त्यांची युवती पुष्कळांनी कॅलेंडरावर पाहिली असेल. पुष्कळजण ते चित्र रविवर्म्याचे समजतात, हा बिचाऱ्या हळदणकरांवर अन्यायच. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपली कन्या गीता हिलाच दिवा देऊन उभे केले होते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे.

या दोघांनी रंगविलेली माणसे त्यांच्या घरचीच होती. त्यांचे रुसवे, थकवे, सवयी त्यांना ठाऊक होत्या. पैसे देऊन बोलाविलेल्या चित्रकाराला हे कोठून कळावे? त्याला निदान चार बैठका तरी द्याव्यात. फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावरील छायाच पुसली जाते. ओसरीवर एका बाजूने उजेड येतो, तेथे गालाचा खळगा व डोळ्यांखालची ओल दिसते. हात रिकामे ठेवू नयेत, कारण रिकाम्या हातांचा माणूस अवघडतो. आणि शेजाऱ्यांनी चित्रकाराच्या पाठीशी उभे राहून नाक लांब झाल्याचे सांगू नये!

गेल्या आठवड्यात दुसरी बैठक झाली. माउली चिंच फोडीत होती, मनगटे उघडी होती. चित्रकाराने तिला हसावयास सांगितले नाही. मध्येच ती मुलाच्या लहानपणाविषयी बोलू लागली व बोलता बोलता थांबली; चित्रकाराने तोंडाची ठेवण पुसून पुन्हा रंगविली. मुलाला हे अद्याप कळविलेले नाही. ते पत्र आम्हांसच लिहावयाचे आहे.