शब्दांचा भाव, समभागाचे मोल

कल्याणजवळच्या मोहने परिसराचे जीवन अनेक दशके एनआरसी कारखान्याभोवती फिरत होते. रेयॉनचा धागा बनविणाऱ्या या कंपनीची ताकद डोळ्यांना दिसत असे. तरीही २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले आणि कामगारांना आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. डोळ्यांना दिसणारी मालमत्ताही जिथे हमी देऊ शकली नाही, तिथे बहुतांश मालमत्ता दिसतच नसलेल्या तंत्रज्ञान कंपनीचे मोल सामान्य गुंतवणूकदाराने कशावरून ठरवावे? मोबाइलवरून पैसे स्वीकारणारा दुकानदार आता गल्लोगल्ली आढळतो. त्यामुळे हा प्रश्न दलाल स्ट्रीटपुरता उरलेला नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'पेटीएम'. नोव्हेंबर २०२१ मध्ये या कंपनीने १८,३०० कोटी रुपयांची समभाग विक्री केली. तोपर्यंतची ती देशातील सर्वांत मोठी प्राथमिक विक्री होती. भाव होता प्रत्येकी २,१५० रुपये. त्यानुसार कंपनीचे बाजारमूल्य सुमारे १.३९ लाख कोटी होत होते. २०२०-२१ मधील तिचे कामकाजातून मिळालेले उत्पन्न मात्र सुमारे २,८०० कोटी आणि तोटा सुमारे १,७०० कोटींचा. म्हणजे गुंतवणूकदार उत्पन्नाच्या जवळजवळ पन्नासपट किंमत मोजत होते. ही किंमत आजच्या व्यवसायाची नव्हती, तर उद्याच्या स्वप्नाची होती. १८ नोव्हेंबरला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी समभाग २७ टक्क्यांहून अधिक कोसळला.

पुढचा अध्याय अधिक उद्बोधक आहे. एप्रिल २०२२ मध्ये संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी भागधारकांना पत्र लिहून सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीपर्यंत कामकाजातील तोटा संपविण्याचे आश्वासन दिले. मोघम स्वप्नाऐवजी तारीख आणि मोजमाप पुढे आले, हे स्वागतार्हच होते. हे आश्वासन मुदतीपूर्वी, डिसेंबर २०२२ च्या तिमाहीतच पुरे झाले. मात्र त्या हिशेबात व्याज, कर, घसारा आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च धरलेला नव्हता. तो धरल्यावर त्याच तिमाहीत कंपनीचा निव्वळ तोटा ३९२ कोटी होता. दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्ही जाहीर झालेले होते. मथळ्यात कोणता येतो, एवढाच प्रश्न होता.

खरा आघात मात्र वेगळ्याच दिशेने आला. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेच्या व्यवहारांवर कठोर निर्बंध घातले आणि पुढचे दोन दिवस समभाग सलग २०-२० टक्क्यांनी घसरला. याची पूर्वसूचना नव्हती, असे म्हणता येणार नाही. याच बँकेला नवे ग्राहक घेण्यास मार्च २०२२ मध्येच मनाई झाली होती. उज्ज्वल भविष्याच्या चर्चेत ही बाब मागे पडली. कंपनी पुढे सावरली. एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत १२२ कोटींचा नफाही झाला. तरी त्यावेळी समभागाचा भाव मूळ विक्रीच्या भावाच्या निम्म्याच्या आसपास होता. कंपनी टिकणे आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत योग्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कंपनीच्या प्रमुखाने आशावादी असणे हा दोष नव्हे. भांडवल उभारायचे तर भविष्य रंगवावेच लागते. ते तपासण्याची साधने आता सामान्य गुंतवणूकदाराच्याही हाती आहेत. प्राथमिक विक्रीचा भाव कोणत्या निकषांवर ठरला, हे मांडण्याचे बंधन 'सेबी'ने २०२२ मध्ये अधिक कडक केले. नोंदणीकृत कंपन्यांच्या विश्लेषकांशी होणाऱ्या तिमाही चर्चेची ध्वनिफीत आणि शब्दांकनही उपलब्ध होते. ते वाचताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. आश्वासनाला आकडा आणि तारीख आहे काय? नफ्याच्या आकड्यातून कोणता खर्च वगळला आहे? आणि नियामकाच्या एका आदेशाने व्यवसायाचा कोणता भाग थांबू शकतो?

या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नसेल, तर निवृत्तीची पुंजी हाती असलेल्या कामगाराने त्या समभागापासून दूर राहिलेलेच बरे.